मालकीणबाई कुलपाखाली

सूनबाईचं वागणं मालकीणबाईंना पटत नव्हतं. बैठकीची खोली ही माणसांनी बसायची जागा. तिथे हिने कागद बसवले होते! टेबलावर नाही, कपाटात नाही, सरळ फरशीवर चार ढीग, आणि थाट असा की जावईसुद्धा लाजावेत. कागद उडतात म्हणून पंखा बंद. धूळ येते म्हणून खिडक्या बंद. शेजारीण डोकावली तर तिला उंबऱ्यावरूनच "नंतर या हं!"

"अगं, माणसं घामाने भिजून चाललीत आणि कागद बघ कसे लोळताहेत!" मालकीणबाई दारातूनच कडाडल्या. आत पाय ठेवायची सोय होती कुठे?

"आई, थोडेच दिवस. वर्षाचा हिशेब लावतेय. हे ढीग हलले की सगळं मुसळ केरात."

"मला सांगतेस? या घरात माझ्या हातून आजवर एक चमचा चुकीच्या जागी गेलेला नाही! डोळे बांध माझे, आणि माग हवी ती बरणी. झाकण न उघडता देते!"

यात फुशारकी होती, पण खोटं नव्हतं. घराच्या मागच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना होता. चपलांची खोकी, दिव्यांची खोकी, औषधाच्या बाटल्यांची खोकी. नवऱ्याने काढला, तो गेल्यावर मालकीणबाईंनी अंगावरचं सोनं मोडून तो उभा ठेवला. शाळेत त्या सही येईपर्यंतच बसल्या होत्या, पण कारखान्यात कुठली दोरी कुठल्या खिळ्याला ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आकड्यांचं काम तेवढं जुने दिवाणजी बघत. दिवाणजींना दिसेनासं झालं, ते घरी बसले, आणि हिशेबाच्या कपाटाच्या चाव्या येऊन मालकीणबाईंच्या कमरेला लटकल्या. उघडायचं काय ते ठाऊक नसलं म्हणून काय झालं? खुळखुळत तर होत्या!

त्या चाव्यांवर सूनबाईचा डोळा होता. तिने तसं तोंडावरच सांगितलं होतं. "आई, हिशेब मला बघू द्या. एवढं शिकले, ते सगळं गंजून चाललंय."

"बघ की," मालकीणबाई म्हणाल्या होत्या. "नव्या कटिंग मशीनच्या कर्जासाठी बँकेचे साहेब यायचे आहेत. त्यांच्यापुढे तुझा कागद उभा राहिला, तर चाव्या तुझ्या. आडवा झाला, तर पुन्हा हिशेबाचं नाव काढायचं नाही. बाहेरचा माणूस ठेवीन मी."

"ठरलं!" सूनबाई म्हणाली. घाबरली नाही, हळहळली नाही. "ठरलं" म्हणाली, जणू दोघी मैत्रिणी बाजाराला निघाल्यात!

तर असे ते ढीग. प्रत्येकावर चिठ्ठी ठेवली, ती उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. शेवटी सूनबाईने घरातली जड जड चीजवस्तू गोळा करून एकेका ढिगावर मांडली, आणि नवऱ्याला समोर उभं करून धडा द्यायला सुरुवात केली. हा नवरा म्हणजे मालकीणबाईंचा एकुलता एक चिरंजीव. पुठ्ठा दिला तर डोळे मिटून काटकोनात कापील, पण आकडा दाखवला की चेहरा भिजलेल्या खोक्यासारखा खचायचा.

"नीट लक्षात ठेवा हं. बत्त्याखाली मालमत्ता. शेड, मशीन, टेंपो. जड वस्तू, जागच्या हलत नाहीत."

"टेंपो हलतो की."

"आपला हलतो?"

चिरंजीवांनी क्षणभर विचार केला. "नाही."

"मग! इस्त्रीखाली खर्च. इस्त्री कपडे जाळते, खर्च पैसा जाळतो. पगार, वीज, चहा. तांब्याखाली उत्पन्न, म्हणजे विकलेली खोकी. तांब्या भरत राहतो. आणि कुलपाखाली देणी. आज बंद ठेवलीत तरी कधी ना कधी उघडून द्यावीच लागतात. बत्ता आणि इस्त्री मिळून नावेची बाजू, कुलूप आणि तांब्या मिळून जमेची. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली. तेरीज जुळली की त्यातून नफा-तोटा आणि ताळेबंद."

"कुलपात कोण कोण आहे?"

"बँकेचं जुनं कर्ज, गोंदवाल्याचं बिल, आणि आईंचं भांडवल."

स्वयंपाकघरात मालकीणबाईंच्या हातून डाव निसटून परातीत पडला. बत्ता काय, इस्त्री काय, इतका वेळ त्यांनी सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. हे मात्र दोन्ही कानांत अडकलं.

"माझं काय?" त्या बाहेर आल्या.

"आई, हिशेबात धंदा वेगळा आणि मालक वेगळा असतो. तुम्ही सोनं मोडून पैसे घातलेत ना, ते धंदा तुम्हाला देणं लागतो. म्हणून तुम्ही देण्यांत."

"म्हणजे मी आणि गोंदवाला एका ढिगात?"

"हिशेबापुरतं हो."

गोंदवाला! ज्याला त्या पायपुसण्याच्या पुढे येऊ देत नसत! माणूस वाईट नव्हता, पण नखशिखान्त चिकट होता. त्याचे डबे जिथे टेकत तिथली फरशी आठवडाभर चप्पल सोडत नसे. एकदा भिडेखातर खुर्ची दिली, तर उठताना तीही त्याच्याबरोबर उठली आणि फाटकापर्यंत सोडायला गेली! आणि ज्या बाईने हातातल्या बांगड्या उतरवून हे सगळं उभं ठेवलं, तिला या पोरीने नेऊन बसवलं कुठे? त्याच्या मांडीला मांडी लावून! वर कुलूप!

मालकीणबाई आत जाऊन डबे घासायला बसल्या. त्या अशा डबे घासायला बसल्या की घरातली मांजरसुद्धा माळ्यावर जाऊन बसायची.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सूनबाईच्या माहेराहून फोन आला. आई न्हाणीघरात घसरली होती. पिशवी भरता भरता सूनबाईने प्रत्येक ढिगाची बेरीज एकेका चिठ्ठीवर लिहिली आणि टाचणीने ढिगालाच टोचली.

"चारच आकडे आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "वजन बघायचं आणि त्या त्या नावापुढे आकडा भरायचा. बाकी कॉम्प्युटर करतो. साहेबांना आधी एका पानाचाच गोषवारा हवाय. ते येईपर्यंत मी पोचतेच. आणि आई, तेवढे ढीग..."

"नाही हलवणार! शब्द दिला! जा तू, आईकडे बघ. तुझे ढीग काय मी फोडणीला घालणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई उठल्या त्या कामाचा डोंगर घेऊनच. घसा धरला होता, त्यावर मिरी कुटून घ्यायची होती. साहेबांपुढे नेसायची साडी चुरगळली होती, तिला इस्त्री करायची होती. आता मिरी काय नखाने कुटायची? आणि साडीवर काय हात फिरवायचा? त्यांनी बत्ता उचलला, इस्त्रीही उचलली. ढिगांना बोटसुद्धा लावलं नाही हो! शब्द म्हणजे शब्द!

मिरी कुटून झाली. बैठकीतल्याच टेबलावर साडी पसरून झाली, इस्त्री फिरली, घडी पडली. पण बंद खोलीत जीव कासावीस झाला म्हणून बत्ता परत आणता आणता त्यांनी पंख्याचं बटण दाबलं आणि घात झाला! पायाशी असलेला ढीग पिसाळलेल्या कोंबडीसारखा फडफडायला लागला. मालकीणबाईंनी हातातला बत्ता त्याच्या डोक्यात हाणला. तो गप्प झाला, तर पलीकडचा फडफडला. इस्त्री ठेवावी तर ती निखाऱ्यासारखी तापलेली. तशीच ठेवली असती तर खर्च आणि मालमत्ता दोन्ही एकदमच जळाले असते! बटण बंद करायला वळावं, तर तोवर कागद उडणार. शेवटी त्यांनी साडी वर खोचली आणि दिला पाय त्या ढिगावर.

तेवढ्यात चिरंजीव आले. बघतात तो आई एका पायावर तोल सांभाळत, दुसरा पाय कागदांवर, पडलेल्या पैलवानाच्या छातीवर द्यावा तसा.

"आई, काय करतेस?"

"उभी आहे! माझ्या घरात मी उभं राहायला तुझ्या बायकोला विचारू?"

"नाही, पण पाय..."

"माझाच आहे! तू दाढी कर जा, साहेब येतील!"

चिरंजीव गेले. इस्त्री निवली. मालकीणबाईंनी पाय काढला आणि तिथे इस्त्री ठेवली. बत्ता त्या ढिगावर, इस्त्री या ढिगावर. आधी उलटं होतं की काय, असं मनात आलं खरं. पण वजन ते वजन! कागदाला काय कळतंय उरावर कोण बसलंय ते?

इथवर जे झालं ते अनवधानाने झालं. पुढचं झालं ते मात्र डोळे उघडे ठेवून, आणि आधी दाराकडे एकदा बघून.

कुलपाचा ढीग समोरच होता. आत त्या, आणि त्यांना चिकटून गोंदवाला. आज साहेब या खोलीत येणार, ढीग बघणार. "हे कोण?" "ह्या आमच्या मालकीणबाई." "आणि कुलपात का?" छे! नुसत्या विचाराने मालकीणबाईंच्या कानशिलाला घाम आला. शेजारच्या ढिगावर पितळी तांब्या कसा दिमाखात बसला होता! ढीग हलवायचे नाहीत, एवढाच शब्द दिला होता. कुलपाचं कुठे काय ठरलं होतं? त्यांनी तांब्या उचलला, पदराने पुसला आणि आपल्या ढिगावर ठेवला. कुलूप ठेवलं तांब्याच्या जागी. आता गोंदवालाही तांब्याखाली आला हे खरं. पण मानाच्या पाहुण्यामागून एखादा आगंतुक येतोच. चालायचंच!

दाढी करून चिरंजीव आले, वाकून वाकून वजनं बघत त्यांनी आकडे भरले आणि ओरडले, "जुळली! आई, तेरीज जुळली! पैचा फरक नाही!"

"जुळणारच! मी घरात असताना काही हलेल होय?"

"पण आई..." चिरंजीवांचा चेहरा भिजायला लागला. "तोटा दिसतोय ग. बराच."

तोटा? वर्षभर मशीन खडखडतंय, माल जातोय, आणि तोटा? आणि सांगायला लाज वाटते, पण त्यामागोमाग मालकीणबाईंना जरा गार गारही वाटलं. म्हणजे कागद आडवा होणार! म्हणजे चाव्या कमरेलाच!

तेवढ्यात फाटक वाजलं.

साहेब म्हणजे टाचणी होती. बारीक, ताठ आणि टोक असलेली. ढिगांना वळसा घालून ते बसले, पान हातात घेतलं, आणि त्यांच्या भुवया हळूहळू केसांना जाऊन मिळाल्या.

"धंदा तोट्यात आहे?"

"तेरीज जुळलीये साहेब," चिरंजीव म्हणाले.

"जुळलीये. पण मालमत्तेपुढे एवढाच आकडा? मालमत्ता म्हणजे काय काय धरलंत, बघू."

चिरंजीवांनी बत्त्याखालचा ढीग पुढे केला. साहेबांनी वरचा कागद उचलला, वास घेतला आणि शिंकले. मिरी! मग वाचायला लागले.

"चहा. टेंपोचं पंक्चर. पुन्हा चहा. विजेचं बिल. अहो, हा चहा तुम्ही प्यायलात ना?"

"प्यायलो साहेब."

"मग मालमत्ता कुठाय?"

चिरंजीवांनी नकळत पोटावर हात ठेवला.

साहेबांनी इस्त्रीखालचा ढीग ओढला. "कटिंग मशीन खर्चात? शेड खर्चात? खर्च झाली म्हणता, मग मागे खडखडतंय ते काय?"

"मशीन, साहेब."

तांब्याखालचा ढीग उघडल्यावर साहेब दुखावलेच. "हे तर आमच्या बँकेचं जुनं कर्ज! तुम्ही ते उत्पन्नात घातलंत? म्हणजे परत करायचा विचारच नाही?"

याच घटकेला सूनबाई दारात उभी राहिली. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले, प्रवासाने तोंड उतरलेलं. तिने पाणीही मागितलं नव्हतं, तोच मालकीणबाई तिच्यावर बरसल्या. म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. त्यांना ते चांदणं आवाजाने झाकायचं होतं.

"ये! ये आणि बघ आपला पराक्रम! चहाची मालमत्ता केलीस, मशीन खर्चून टाकलंस, बँकेचं कर्ज गिळलंस! हेच शिकवतात का तिकडे? तरी मी म्हणत होते, हिशेब म्हणजे काही पोरखेळ नव्हे!"

सूनबाईने पिशवी ठेवली. पान घेतलं. तोट्याच्या आकड्यावर बोट ठेवून बघत राहिली.

"हाच आकडा," ती हळूच म्हणाली. "साहेब, मी जाताना मनात हिशेब केला होता. नफा एवढाच येत होता, अगदी एवढाच. नफ्याचा नेमका तेवढाच तोटा झालाय. म्हणजे दोन्ही बाजूंचे ढीग आपापसांत उलटलेत. मालमत्ता खर्चात, खर्च मालमत्तेत. देणी उत्पन्नात, उत्पन्न देण्यांत. बाजू त्याच राहिल्या, म्हणून तेरीज जुळली."

तिने खाली बघितलं. बत्त्याला मिरीचा बुक्का लागलेला. इस्त्रीखालच्या कागदावर कुंकवात बुडवल्यासारखं स्पष्ट पाऊल, पाचही बोटांसकट. चकचकीत पुसलेला तांब्या. मग तिने मालकीणबाईंकडे बघितलं.

आता बोलेल, मालकीणबाईंना वाटलं. बोल बाई, त्यांची जीभ तयार होती. सून एक बोलली असती, तर त्या दहा बोलल्या असत्या आणि सगळं कसं रीतसर मिटलं असतं!

पण सूनबाई साहेबांकडे वळून म्हणाली, "चूक माझी आहे. ढिगांवर नावं लिहायला हवी होती. वजनांवर विसंबले."

मालकीणबाईंची तयार जीभ टाळूला चिकटली. गोंदवाल्यानेच चिकटवावी तशी.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हिशेब तुम्ही करता? मग मला लिहावं लागेल, की पुढचे हिशेब बाहेरच्या जाणकार माणसाकडून घ्यावेत. तोवर मशीनचं थांबवू."

हेच तर हवं होतं! बाहेरचा माणूस. चाव्या कमरेला. मालकीणबाईंनी चाव्यांना हात लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खुळखुळू नयेत म्हणून घट्ट धरल्या.

"साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. आवाज असा निघाला, की कोण बोललं म्हणून चिरंजीव इकडे तिकडे बघायला लागले. "ती इस्त्री मी हलवली. साडीसाठी. आणि बत्ता मिरीसाठी. परत ठेवताना उलटसुलट झालं."

"असं होय. आणि तांब्या-कुलूप?"

"तेही... तेही मीच."

"त्याने काय कुटलंत?"

मालकीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं. मोठी सून, मोठी जाऊ, मोठी सासू म्हणून मिरवलेल्या बाईला फरशीतली एक भेग एकाएकी फार बघण्यासारखी वाटायला लागली.

"ते मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या. "हिने मला गोंदवाल्याबरोबर बसवलं होतं. कुलपाखाली. मला... मला तांब्याखाली बसायचं होतं."

मग साहेबांमधून एक आवाज आला. टाचणीला हसू फुटलं तर जसा येईल तसा.

"बाई, आमच्या बँकेचं कर्जही त्याच कुलपाखाली आहे. आम्हीसुद्धा गोंदवाल्याशेजारीच बसतो. आणि एक सांगू? आमच्यात शेवटी ज्यांना मिळतं, त्या तुम्ही. आधी आम्ही, मग तो, उरलं तर तुम्ही. मालक म्हणतात ते यालाच."

मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी बसायचा राग धरून बसल्या होत्या, आणि इथे रांगेत गोंदवाला पुढे निघाला!

सूनबाईने वाकून वजनं जागच्या जागी ठेवली. चिरंजीवांनी आकडे पुन्हा भरले. तेरीज पुन्हा जुळली, पण या वेळी खाली नफा होता. साहेबांनी सूनबाईला चार प्रश्न विचारले, तिने चारही कागद न शोधता काढून दिले. पान घडी करून खिशात घालत ते म्हणाले, "कागद उभा आहे. मशीनचं मी पुढे पाठवतो." चहा घेतला आणि जाताना चिरंजीवांना म्हणाले, "हा मात्र खर्चात घाला."

फाटक लागलं. चिरंजीव शेडकडे सटकले. असल्या वेळी मशीनला त्यांची फार गरज पडते. सूनबाई खाली बसून तो पाऊल उमटलेला कागद तळहाताने सपाट करत होती. पुसत नव्हती, नुसती सपाट करत होती.

मालकीणबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कमरेचा जुडगा सोडायला त्यांना फार वेळ लागला. गाठ सैलच होती, पण लागला. मग तो त्यांनी तिच्या पुढ्यात, बरोब्बर कागद नसलेल्या जागी ठेवला, आणि घसा खाकरून म्हणाल्या:

"तुझं वागणं मला अजूनही पटलेलं नाही! सासू चुकली की तिला तिथल्या तिथे चार शब्द ऐकवावेत, म्हणजे तिलाही भांडायला तोंड राहतं. तू गप्प बसून मला साहेबापुढे फरशी मोजायला लावलीस! अशी सून असते? घे त्या चाव्या. आणि ठेव मला त्या कुलपाखालीच, माझी तक्रार नाही. पण ढिगात गोंदवाल्याच्या वर ठेव! समजलं?"